हातोड्याची झोप

माझा जबडा मोडला तेव्हा आमच्या लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. सकाळी चहा घेऊन गेले, हे कुशीवर झोपले होते. मी म्हटलं, "अहो, उठा," आणि खांद्याला हात लावला. बस, एवढंच. पुढचं आठवतं ते असं, की मी कपाटाच्या पायाशी पडलेय, तोंड रक्ताने भरलंय आणि जिभेवर दोन खडे फिरतायत. ते खडे माझेच दात होते. कपभर चहा माझ्या छातीवर सांडला होता, पण भाजल्याचं मला दवाखान्यात गेल्यावर कळलं. आणि हे? हे गादीवर उठून बसलेले, मूठ अजून वळलेली, आणि माझ्याकडे असे बघत होते, जणू मला कोणीतरी तिसऱ्याच माणसाने मारलंय.

डॉक्टरला मी खुणेने सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला. डॉक्टर म्हणाला, "तुमच्या न्हाणीघराला बोटं आहेत का हो? चारही उमटलीत." मी काय बोलणार, जबडा तारेने बांधलेला. कित्येक आठवडे पातळ खाणं नळीने ओढलं. शेजारच्या बायका नवी नवरी बघायला यायच्या आणि सासूबाईंना म्हणायच्या, "सून गुणाची आहे हो, अगदी मोजकं बोलते." तार निघाली तेव्हा कळलं त्यांना किती मोजकं बोलते ते.

जबडा मोडला त्याच संध्याकाळी ह्यांनी आपली गादी उचलली आणि मागच्या खोलीत नेऊन टाकली. त्या खोलीत जुना स्टोव्ह, फुटक्या बादल्या आणि उंदीर एवढेच राहत होते. दाराला आतून कडी नव्हती, ती ह्यांनी स्वतः बसवली. तेव्हापासून हा माणूस आतून कडी लावून झोपला. चाळीस वर्षं. मग मूल कसं झालं, असं विचारू नका. जागेपणी हे नवराच होते. डोळ्यावर झापड आली की उठायचे, मागे जायचे, आणि खट्‌कन कडी. माफी नाही, खुलासा नाही, एक शब्द नाही. माझा जबडा वाकडा जुळला, आजही हसले की तोंड डावीकडे पळतं. मला वाटायचं, ह्यांना माझ्या वाकड्या तोंडाची किळस येते. रागाने मी तिळतिळ तुटायचे, पण विचारलं नाही. मीही काही कमी हट्टी नाही.

आता हा माणूस कोण, ते सांगते. ह्यांचा बाप शिंपी. सुईदोऱ्यात ह्यांचं मन रमेना, म्हणून वय चोरून नौदलात शिरले. भरतीच्या दिवशी मिशा कोळशाने काढल्या होत्या म्हणे. हे मला ह्यांच्या जहाजावरच्या मित्राने, भोंग्याने, सांगितलं आणि भोंग्याचं निम्मं खोटं असतं, पण तेव्हाचा फोटो पाहिलाय मी, तोंडावर लव नव्हती. काम जहाजाच्या पोटात, बॉयलरखोलीत. वर समुद्र निळा आहे की काळा, ते ह्यांना आठवडा आठवडा दिसायचं नाही. घामाने बुटात डबकं व्हायचं. मग लढाई झाली, जहाज फुटलं, हे वाचले. दुसऱ्या जहाजावर गेले, तिथे काही वर्षं काढली, आणि नोकरी सुटल्यावर आमच्या उतारावरच्या रंगाच्या कारखान्यात पुन्हा बॉयलरच सांभाळायला लागले. जहाजावर ह्यांना हातोडा म्हणायचे. मला वाटायचं, बॉयलरवर हातोडा मारत असतील, म्हणून.

कारण जागेपणी ह्यांनी कोणाला बोट लावलं नाही. एकदा कारखान्यात संप फोडायला गुंड आले. फाटकाजवळ त्यांनी ह्यांनाच आधी धरलं. गजाने बडवलं, बरगड्या मोडल्या, कान फाटून लोंबत होता. ह्यांनी हात खिशातून बाहेरसुद्धा काढला नाही. बाकीच्यांनी ओढून आणलं म्हणून जगले. सगळी गल्ली म्हणाली, देवमाणूस! मी म्हटलं, हो ना, आणि देवाचा प्रसाद माझ्या तोंडात बघा.

आमच्या मुलालाही तो मिळाला. तेव्हा तो जेमतेम शाळेत जायला लागला होता. ह्यांना ताप होता, कडी लावायची शुद्ध नव्हती. मुलाचा धावण्यात पहिला नंबर आला, म्हणून तो धावतच मागच्या खोलीत गेला आणि "बाबा, बाबा" करत ह्यांना गदागदा हलवायला लागला. मी अंगणात कपडे पिळत होते. मी ऐकला तो धप्प असा आवाज, पोतं टाकल्यासारखा. आत गेले तर पोरगं भिंतीशी, हात कोपरापासून उलट्या बाजूला वळलेला, आणि रडतही नव्हतं, इतकं घाबरलेलं. हे मागच्या दाराने बाहेर निघून गेलेले. मुलाला मी उचललं, मीच दवाखान्यात नेलं. परत आले तर हे कुंपणाकडे तोंड करून उभे, तापाने थरथरत. मी त्या दिवशी ह्यांना जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. ह्यांनी ऐकून घेतलं आणि खोलीत जाऊन कडी लावली. मुलाचा हात काही सरळ झाला नाही. आज तो वेल्डिंगचं दुकान चालवतो, चाळिशीला टेकलाय, आणि अजून शर्टात हात घालताना दात आवळतो. बापाशी बोलणं कामापुरतं. तेही माझ्यामार्फत. "आई, बाबांना सांग नळ दुरुस्त झालाय." बाबा समोरच बसलेले असायचे.

असं आमचं घर चाललं होतं. मग नात चालायला लागली, आणि सगळं पेटलं.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी सूनबाई आणि मी स्वयंपाकघरात, हे पुढच्या खोलीत खुर्चीत बसून नातीवर लक्ष ठेवून. ती चमचा घेऊन जमीन बडवत होती. ती ठकठक ऐकता ऐकता ह्यांचा डोळा लागला असावा. पोरीने खुर्ची धरली, मांडीवर चढली आणि आजोबाच्या खांद्याला लोंबकळली. ह्यांची मूठ तिच्या डोक्यावरून गेली ती थेट कपाटाच्या काचेत. काचेच्या ठिकऱ्या पोरीच्या केसांत, ह्यांच्या मनगटातून रक्ताची चिळकांडी, सूनबाईची किंकाळी. पोरगी थोडी उंच असती तर? मी तो विचार पुढे नेत नाही.

सूनबाई त्याच संध्याकाळी पोरीला घेऊन माहेरी गेली. जाताना मला म्हणाली, "आई, मला त्यांचा राग नाही. पण ते ह्या घरात असेपर्यंत माझी मुलगी इथे येणार नाही." काय चुकलं तिचं? तिच्या जागी मी असते तर आधी सासऱ्याच्या डोक्यात पाटा घातला असता आणि मग माहेरी गेले असते. मुलाने दोन दिवस डोकं धरून काढले. मग त्याने मला सांगितलं, "म्हाताऱ्या खलाशांसाठी बंदरापलीकडे आश्रम आहे. रविवारी मित्राचा टेम्पो आणतो. बाबांना सांग." बाबा समोरच होते. मनगटाला पट्टी. ते म्हणाले, "बरं."

बरं! चाळीस वर्षांनी बोललेला पहिला खुलासा, आणि तो "बरं"!

तर तो रविवार. रविवारी दुपारी ह्यांचे दोन जहाजमित्र आमच्याकडे यायचे, वर्षानुवर्षं. एक खारा, जहाजावरचा स्वयंपाकी. एकदा साखर समजून चहाच्या पातेल्यात मीठ ओतलं, तेव्हापासून खारा. दुसरा भोंगा, तोफेवरचा. तोफेने त्याचा एक कान कायमचा नेला, म्हणून तो स्वतःच तोफेएवढा ओरडून बोलतो. हे दोघे आले की माझी पुढची खोली जहाज व्हायची. आणि गोष्टी कसल्या? एकीतही माणूस धड उरायचा नाही. नांगराची साखळी सुटली आणि कोणाचे तरी गुडघ्याखालचे पाय घेऊन समुद्रात गेली. बंदरावरच्या दारूच्या गुत्त्यात बाटल्या फुटल्या, एकाचा डोळा गालावर आला, आणि खाऱ्याने तो हाताने परत बसवायचा प्रयत्न केला. वाफेची नळी फुटली, आणि तिघांची कातडी हातमोज्यासारखी निघून आली. हे सांगताना हसायचे मेले! मांडीवर थापा मारून हसायचे, बिस्किटं चहात बुडवायचे. मी दारातून ऐकायचे. आणि आमचे हे? ह्या कत्तलखान्यात ह्यांना गाढ झोप लागायची. ते दोघे बोलत असले की हे खुर्चीत मान टाकायचे, तोंड उघडं, घोरणं सुरू. मला तो माझा अपमान वाटायचा. बायकोच्या शेजारी झोप नाही, आणि ह्या राक्षसांच्या मध्ये बाळासारखी! चहा झाला की मी कपबश्या उचलून मागे घासायला जायचे आणि ते दोघे जायची वेळ झाली की हे जागेच असायचे. ह्यांना उठवतं कोण, कसं, ते मी कधी बघितलं नाही.

त्या रविवारी मी मागे गेले नाही. ह्यांची पत्र्याची पेटी दारात भरून ठेवली होती, आणि मला पाय उचलवेना. खारा आणि भोंगा निरोप द्यायला आलेले. मग भोंग्याने नेहमीसारखी एक गोष्ट काढली, गोळा फुटून कोणाची आतडी तोफेच्या नळीला कशी गुंडाळली गेली ती. आणि ह्यांनी मान टाकली. आश्रमात जायच्या दिवशी! मी कपाळावर हात मारला.

बराच वेळ गेला, रिकाम्या कपांचा ट्रे उचलून मी तशीच उभी. खारा उठला, टोपी घातली, म्हणाला, "चला, ह्याला उठवू. असं झोपलेल्याचा निरोप घेणं बरं नाही."

"हात लावू नका!" मी ओरडले. "लांब व्हा! खांद्याला हात लागला तर मुडदा पाडतील तुमचा!"

खारा माझ्याकडे बघून हसला. लहान मुलाकडे बघावं तसा. "वहिनी, खांद्याला कोण कशाला हात लावेल?"

तो खुर्चीच्या समोर, दोन हात लांब, वाकला. ह्यांच्या पायाचा अंगठा चिमटीत धरला, एकदा ओढला, सोडला, मागे झाला आणि मोठ्याने म्हणाला, "हातोडा, पाळी आली!"

मी आधी चपापलेच. म्हटलं, काय बोलतोय हा मेला बायामाणसांसमोर! मग लक्षात आलं, कामाची पाळी, जहाजावर पहाऱ्याची पाळी.

आणि ह्यांनी डोळे उघडले. नुसते उघडले. मूठ नाही, झटका नाही. शांत आवाजात, तरण्या पोराच्या आवाजात म्हणाले, "आलो."

माझ्या हातातला ट्रे खाली पडला. सगळ्या कपांचा चक्काचूर.

"हे काय केलंत?" मी खाऱ्याला विचारलं.

"काय केलं? उठवलं."

"असं?"

"असंच उठवतात की. हातोड्यासारखे बरेच होते लढाईनंतर. त्यांच्या झोपायच्या बंकच्या पायाकडे आम्ही लाल रंगाचा फटकारा मारायचो. लाल दिसला की खांद्याला शिवायचं नाही. पायाकडे उभं राहायचं, अंगठा ओढायचा, 'पाळी आली' म्हणायचं, मागे सरायचं. एका नव्या साहेबाने ह्याला खांद्याला धरून उठवला होता, त्याचं नाक अजून कानाकडे बघतंय." आणि हसला. "जहाजावर शेंबडं पोरसुद्धा जाणून होतं, वहिनी."

मला पुढे काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी खाऱ्याची गचांडी धरली. दोन्ही हातांनी धरली आणि त्याला भिंतीवर आपटला. त्याची कवळी सुटून कपांच्या तुकड्यांत पडली. मी त्याच्या थोबाडीत दिली, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि माझ्या तोंडातून शब्द नाही, नुसता घोगरा आवाज निघत होता. भोंगा विचारत होता, "काय झालं? काय झालं? कोणी मला सांगेल का?"

"माझा जबडा!" मी ओरडले. "माझ्या पोराचा हात! अंगठा? एवढ्याशा अंगठ्यासाठी? माझ्या घरात बसून माझी बिस्किटं गिळलीत इतकी वर्षं, आणि एकाच्याही तोंडून निघालं नाही?"

खारा बिचारा भिंतीला टेकून, बोळक्या तोंडाने म्हणाला, "वहिनी, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल. ही काय सांगायची गोष्ट आहे? ही सगळ्यांना माहीत असते."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला रे?"

तो माझ्या वाकड्या तोंडाकडे बघत राहिला. चाळीस वर्षं बघत होता, पण ते त्याला त्या वेळी दिसलं असावं. मग तो खाली बसला आणि काचांमध्ये आपली कवळी शोधायला लागला.

मी ह्यांच्याकडे वळले. "आणि तुम्ही? तुम्हाला तोंड नव्हतं?"

ह्यांनी नजर खाली काचांकडे वळवली.

"आज गप्प बसलात तर ह्याच काचेने तुमची जीभ कापीन. बोला!"

हे आपल्या पट्टी बांधलेल्या मनगटाकडे बघत म्हणाले, "अंगठा धर म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस, का."

"मग सांगायचं, का ते!"

"तेच तर सांगायचं नव्हतं."

खाऱ्याने खालूनच मान हलवली. "नको रे हातोडा." पण ह्यांनी सांगायला सुरुवात केली होती. हे कधी गोष्ट सांगत नाहीत. तोंड न हलवता, एका सुरात बोलत गेले.

"मी झोपलेला होतो. आवाज ऐकूच आला नाही. आधी छताला आपटलो, मग जाग आली. टॉर्पेडो बरोबर आमच्या बाजूला लागला होता. दिवे गेले. कमरेएवढं पाणी आणि पाण्यावर तेल, त्याला एका टोकाने आग लागलेली. शिडी एकच. सगळे त्या शिडीवर. खाली पडलेल्यांच्या अंगावरून चढत होते. मीही चढलो. कोणाचं तरी तोंड माझ्या टाचेखाली आलं, तो चावला, मी टाच दाबली. तो चावायचा थांबला. मी निम्म्यावर पोचलो तेव्हा मागून एकाने खांदा धरला. घट्ट. बोटं हाडात रुतली. त्याला वर यायचं होतं की मला खाली ओढायचं होतं, मला नाही माहीत. तो काहीतरी बोलत होता, माझ्या कानाशी. मी वळून मारलं. एकदा नाही मारलं. हात सुटेपर्यंत मारलं. नाक गेलं, दात गेले, ते मला मुठीवर कळत होतं. मग हात सुटला. मी वर आलो. माझ्या मागून कोणीच आलं नाही."

भोंग्यालासुद्धा सगळं ऐकू गेलं होतं बहुतेक. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

"कोण होता तो?" मी विचारलं.

"अंधार होता."

"पण आवाज?"

"तेच तर." हे म्हणाले. "आवाज ओळखीचा होता. पण तिथे सगळेच ओळखीचे होते."

तेव्हा मला दारात हालचाल जाणवली. मुलगा उभा होता. टेम्पो कधी आला, कोणाला कळलंच नाही. पत्र्याच्या पेटीवर एक पाय ठेवून तो उभा होता. किती ऐकलं असेल? चेहऱ्यावरून वाटलं, शिडीपासून सगळंच.

मी त्याच्याजवळ गेले. "बाळा, ऐक. फक्त अंगठा धरायचा. खांद्याला नाही, अंगठ्याला. आत्ता माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. बाबांना न्यायची गरज नाही रे. सूनबाईला सांग. मी स्वतः पहारा देईन, पोरीला त्यांच्या झोपेच्या वाऱ्याला उभी करणार नाही. दाराला साखळी लाव, काय हवं ते कर. पण नेऊ नकोस." चाळीस वर्षं ज्याला शिव्या दिल्या त्याच्यासाठी मी पदर पसरत होते आणि मला माझीच चीड येत होती.

मुलाने मला बाजूला केलं. तो बापासमोर जाऊन उभा राहिला. आणि थेट बापाशी बोलला.

"मला भिंतीवर फेकलंत तेव्हा झोपेत होतात. मान्य. नंतर तर जागे झालात ना?"

"झालो."

"मी खाली पडलो होतो. तुमच्याकडे बघत होतो. मला वाटलं, बाबा आता उचलतील. तुम्ही मला ओलांडून बाहेर गेलात. मला उचललं का नाहीत?"

हे खुर्चीतून उठले. उभे राहायला वेळ लागला. "उचलायला हात लावावा लागला असता," हे म्हणाले.

मुलाने मारलं. वाकड्या हातानेच मारलं, सगळा जोर लावून, तोंडावर. वेल्डिंगवाल्याचा हात तो. ओठ फुटला, रक्त शर्टावर आलं, हे खुर्चीवर आदळले आणि पुन्हा उभे राहिले. मुलाने पुन्हा मारलं. खारा मध्ये पडायला उठला, भोंग्याने त्याला मागे ओढलं. मी नाही मध्ये पडले. लोकांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं. मला वाटलं, मारू दे. हे त्याचं आहे, घेऊ दे त्याला.

मग त्याने बापाचे दोन्ही खांदे धरले.

मी किंचाळले. त्याने खांदे गच्च धरले आणि गदागदा हलवायला लागला, "का नाही? का नाही? का नाही?" करत. ह्यांच्या मुठी वळल्या. मी बघितल्या ना, माझ्या डोळ्यांनी, बोटांची हाडं पांढरी झालेली, मनगटाच्या पट्टीतून रक्त पुन्हा वाहायला लागलेलं. मानेच्या शिरा तटतटल्या. डोळे मुलाच्या तोंडावर रोखलेले, पापणी लवत नव्हती, जणू पापणी लवली तर सगळं संपेल. हे थरथरत होते आणि उभे होते. मुलगा हलवत राहिला, मग हलवायचा थांबला, मग त्याचं डोकं बापाच्या छातीवर टेकलं. चाळिशीचा बाप्या, पोरासारखा हुंदके देत होता. हात मात्र खांद्यांवरच.

किती वेळ गेला कोण जाणे. एक मूठ सुटली. ह्यांनी तो हात उचलला, हवेत तसाच धरला, कुठे ठेवावा ते कळत नसल्यासारखा. मग मुलाच्या वाकड्या कोपरावर ठेवला.

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. ह्यांना एक ठेवून द्यायची माझीही बाकी होती. पण ओठ फुटलेल्या माणसाला कुठे मारणार? मी ओला फडका आणला आणि ह्यांच्या तोंडावर दाबला, जरा जोरातच. हे कळवळले. म्हटलं, कळवळा.

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. भोंग्याने बाहेर जाऊन त्याला ओरडून परत पाठवलं, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. खारा केरसुणी घेऊन कप झाडत होता. मी त्याला झाडू दिलं.

मुलाने नळावर तोंड धुतलं. मग फोन घेऊन ओट्यावर जाऊन बसला. सूनबाईला लावला होता. ती काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं, पण बराच वेळ तीच बोलत होती. मुलगा मध्येच म्हणाला, "नाही, ठरलं काहीच नाही. तुला पटलं तरच." मग पुन्हा ती बोलली. मग तो म्हणाला, "अंगठ्याला. हो, पायाच्या. अंगठ्याला धरायचं आणि लांब व्हायचं." ती बहुतेक विचारत होती, मग इतकी वर्षं तुम्ही लोक काय करत होतात.

मुलगा दुसऱ्या हाताने कोपर चोळत होता.

"मला पण आजच कळलं," तो म्हणाला.